करडीची गादी

दौलतराव वाव्हळे बसण्याआधी दाबतात. खुर्ची असो, सोफा असो, एसटीचे बाक असो की रेल्वेचा बर्थ, उजव्या हाताचा अंगठा त्यात रुतवायचा, उचलायचा आणि पडलेला खड्डा भरून येईपर्यंत त्याच्याकडे बघत उभे राहायचे, ही त्यांची पद्धत. तोंडाने हळूच एक शब्द म्हणतात, "ऊठ." शाळेला उशीर झालेल्या पोराला हाक मारावी तसा. खड्डा चटकन भरला तर ते समाधानाने बसतात. नाही भरला तर नाइलाजाने बसतात आणि मालकाला सांगतात, "गेली ही. बदलून घ्या."

पूर्णेत लोकांना याची सवय झाली आहे. परगावी अडचण होते. पुतणीच्या सोयरिकीसाठी ते गंगाखेडला गेले तेव्हा यजमान पोहे घेऊन बाहेर आले, तर मुलीचे चुलते सोफ्यापुढे ओणवे. "काही हरवलं का?" मुलाच्या वडिलांनी विचारले. "न्हाई," दौलतराव म्हणाले, "ह्याच्यात भुस्सा लय भरलाय. वरीसभरात खचंल." सोयरीक तरीही जुळली. पुढे सोफा खरोखरच खचला आणि त्या घरात दौलतरावांच्या शब्दाला वजन आले. एकदा रसायनांच्या साठ्याबाबत विचारपूस करायला त्यांना पोलिस ठाण्यात बोलावले होते. फौजदार कपाटातून फाइल काढायला उठले, तेवढ्यात यांनी टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीत अंगठा घातला. मयतीच्या घरी गेले तरी आधी गादी बघतात, सांत्वन नंतर.

त्यांचे दुकान स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे गाद्या, उशा, खोळी. मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते स्वतः फोम तयार करतात. फोम करणे म्हणजे दोन पातळ रसायने लाकडी पेटीत एकत्र घोटायची आणि मागे सरायचे. दूध उतू जावे तसे मिश्रण फुगते, पेटी भरते आणि बघता बघता जागच्या जागी आळते. या रसायनांची नावे दौलतराव घेत नाहीत. एकीला सासू म्हणतात, दुसरीला सून. "दोगी येगळ्या डब्यात हायेत तवर घर शांत," असे ते सांगतात. याहून अधिक सांगत नाहीत. जास्त विचारले की डावा हात वर करतात. "बास. नावीन्य जाईल."

नावीन्य हा शब्द त्यांनी पुण्याकडून आणला. तिकडे एका फोमच्या कारखान्यात ते बरीच वर्षे कामाला होते. पेटीत फोम फुगताना मधोमध भेग पडे. ती पडू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली आणि चहाच्या सुट्टीत एका अधिकाऱ्याला दाखवली. काही काळाने त्या युक्तीचे पेटंट निघाले. अधिकाऱ्याच्या नावाने. दौलतरावांना याची बातमी कारखान्यात वाटलेल्या पेढ्यांमुळे कळली. त्यांनी पेढा खाल्ला. नोकरी सोडून गावी आले, तेव्हापासून त्यांची एकच इच्छा आहे: एक पेटंट, स्वतःच्या नावाचे. आणि तेव्हापासून ते कुणालाच काही सांगत नाहीत. शेडमध्ये कुणी डोकावले की पेटीवर बायकोची जुनी साडी टाकतात. आमच्या पेपरसाठी त्यांच्यावर दोन ओळी लिहाव्यात म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी वय सांगायलाही नकार दिला.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, काशिनाथचा तेलघाणा होता. लाकडी घाणा, मोटरीवर चालणारा. करडी, शेंगदाणा, तीळ. काशिनाथ आणि दौलतराव लहानपणापासूनचे दोस्त. एक घाण्यावरचा, दुसरा बुद्धविहारामागच्या गल्लीतला. शाळेत मास्तरांनी शिक्षा म्हणून एका बाकावर बसवले ते तसेच राहिले. काशिनाथला गुप्ततेचा गंधही नव्हता. त्याला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत जंक्शनवर पोहोचत असे आणि तिथून गाड्या तीन दिशांना जातात.

घाण्याच्या दारात बाभळीची एक फळी दोन दगडांवर टाकलेली होती. दौलतराव रोज संध्याकाळी दुकान पोरीच्या हवाली करून तिथे येत. आणि बसण्याआधी फळीवर अंगठा दाबत. आतून, घाण्याच्या घरघरीवरून, काशिनाथचा आवाज येई:

"बाभळ हाय ती, दौल्या! तुज्या आज्याच्या अंगठ्यानं बी उठायची न्हाई!"

मग दौलतराव बसत. मी हे अनेकदा पाहिले आहे. एकदा त्यांना विचारले, की लाकूड कशाला दाबता? ते म्हणाले, "तपासलेलं बरं असतंय, पत्रकार."

एका उन्हाळ्यात त्यांच्या शेडमधला फोमचा मोठा ठोकळा आतून तापला आणि धुमसायला लागला. आरडाओरड ऐकून सर्वांत आधी काशिनाथ धावला. हातात गच्च भरलेला डबा. तो शेडच्या दारात पोहोचल्यावर दौलतरावांनी धुरातून ओरडून विचारले, "काश्या, डब्यात काय हाय?" काशिनाथने डब्यात पाहिले. डब्यात करडीचे तेल होते. पुढची कैक वर्षे दौलतराव गिऱ्हाइकांना त्याची ओळख अशी करून देत: "हे आमचे फायर ब्रिगेडवाले."

पण त्या तेलानेच पुढचे घडले. करडीच्या तेलावर काही प्रक्रिया करून ते सासूच्या डब्यात थोडे मिसळले, तर फोम हळू फुगतो, मऊ राहतो आणि वजन एका जागी न साठवता पसरवून घेतो, हे दौलतरावांच्या ध्यानात आले. या तेलाला त्यांनी जावई असे नाव दिले. "जावई घरात आला की दोगी बी हळू बोलायल्यात," ते म्हणाले. काशिनाथला अभिमान वाटला. "आमच्या तेलाला जावई केलंस व्हय? मंग मानपान बगा नीट." जावयाचे प्रमाण जुळवण्यात दौलतरावांची काही वर्षे गेली. कधी फोम चिकट होई, कधी दाबला की उठतच नसे. बिघडलेले ठोकळे काशिनाथ घेऊन जाई आणि त्यावर म्हशीचे पारडू झोपवी. "जनावराची तक्रार न्हाई," असा निरोप पाठवी.

शेवटी एक ठोकळा दौलतरावांच्या मनासारखा निघाला. त्यातून त्यांनी एक पूर्ण लांबीची गादी कापली. पेटंटचे काम बघणाऱ्या संभाजीनगरच्या वकील मॅडमशी फोनवर बोलणे झाले. मॅडम म्हणाल्या, आणखी काही तपासण्या करून घेऊ, मग अर्ज दाखल करू. तोवर ही गादी दुकानाबाहेर जाता कामा नये. लोकांनी पाहिली, वापरली, की ती कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही; नावीन्य गेले की पेटंट नाही. दौलतराव म्हणाले, "मॅडम, तुमी मला सांगायल्यात?"

गादी शेडमध्ये साडीखाली पडून राहिली.

त्याच हंगामात काशिनाथ पोत्यांच्या थप्पीवरून पडला. करडीची पोती वरून खाली देताना पाय सुटला आणि तो पाठीवर, तोलकाट्याच्या लोखंडी कडेवर आपटला. नांदेडच्या दवाखान्यात मणक्याचे ऑपरेशन झाले. दोन सळया आणि काही स्क्रू घालून डॉक्टरांनी मोडलेला मणका बांधून काढला. मणका सांधला, पण आतली नस गेली होती. कमरेखाली काही उरले नाही.

दौलतराव दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी खाटेची गादी दाबली, "गेली ही" म्हणाले आणि राउंडवर आलेल्या सर्जनना विचारले, की ह्या सळईचं पेटंट कुणाचं आहे? सर्जन म्हणाले, परदेशी कंपनीचं. "स्क्रूचं येगळं का सळईचं येगळं?" सर्जन पुढच्या खाटेकडे वळले. "एखादा जादाचा असला तर बगायला मिळंल का?" नर्सने त्यांना बाहेर काढले. काशिनाथ पालथा पडून हसत होता, असे त्याची बायको सुमनबाई सांगतात. "माज्या पाठीत हाय की," तो म्हणाला होता. "मी मेल्यावर बग निवांत."

घरी आणल्यावर त्याला घाण्यामागच्या खोलीत ठेवले. थोड्याच दिवसांत त्याच्या पाठीला आणि ढुंगणाला जखमा झाल्या. एका जागी पडून राहणाऱ्या माणसाची कातडी अंगाच्याच वजनाखाली मरते. दवाखान्याच्या भाषेत त्याला बेडसोर म्हणतात. सुमनबाई म्हणत, पाठ सोलली. कमरेखाली त्याला दुखणे कळत नव्हते, पण वरच्या जखमा कळत होत्या. त्याला झोप लागत नसे. मोटर बंद असलेल्या घाण्याच्या मागून त्याचे कण्हणे रस्त्यापर्यंत येई. रस्त्याच्या अलीकडे, शेडमध्ये, साडीखाली गादी होती.

दौलतरावांनी आधी दुकानातल्या चांगल्या गाद्या दिल्या. एक, मग दुसरी. उपयोग झाला नाही. मॅडमना फोन केला; तपासण्या अजून बाकी होत्या. त्या दिवशी ते फळीवर येऊन बसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी ती गादी दोन साड्यांत गुंडाळली, हातगाड्यावर टाकली आणि रस्ता ओलांडला. पानटपरीवरच्या पोरांनी विचारले, "मामा, काय नेयलात?"

"काय न्हाई. लेक सासरला चाललीया."

गादीने काशिनाथच्या दोन जखमा भरून काढल्या. तिसरी भरली नाही, पण वाढायची थांबली. तो झोपायला लागला.

तालुक्याच्या दवाखान्यातून ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरना याचे आश्चर्य वाटले. बाई मनाने चांगल्या होत्या. इतर पेशंटनाही कळावे म्हणून त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. काशिनाथ उशीला टेकून बोलतो आहे: "बगा, ही गादी आमच्या दौल्यानं केलीया. इकत भेटत न्हाई कुटंच. हिच्यात माज्या घाण्याचं करडीचं तेल हाय. तेल आदी शिजवायचं, काय बाय टाकायचं, मंग सासू-सुनंत वतायचं. मी काल रातभर झोपलो. रातभर! पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी यावं आन् बगावं. दौलत वाव्हळे, पूर्णा. नाव ध्येनात ठिवा."

व्हिडिओ आधी सिस्टरांच्या ग्रुपवर गेला, मग गावाच्या, मग कुणीतरी तो इंटरनेटवर सर्वांना दिसेल असा टाकला. दौलतरावांनी तो पाहिला तेव्हा मी दुकानात खोळ घ्यायला गेलो होतो. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. अर्ज अजून दाखल व्हायचा होता. ते उठून रस्ता ओलांडून गेले. मी मागे गेलो.

"बगितलास का?" काशिनाथने विचारले. चेहरा उजळला होता. "कसा दिसायलोय?"

"तोंड लय मोठं आलंय तुजं."

"नाव नीट घेतलं न्हवं तुजं?"

"घेतलंस."

"आता बग. रांग लागंल तुज्या दारात."

"व्हय," दौलतराव म्हणाले. त्यांनी गादीवर अंगठा दाबला. खड्डा सावकाश भरून आला.

त्यांनी काशिनाथला त्या व्हिडिओबद्दल पुढे कधीही काही सांगितले नाही. सुमनबाईंनाही नाही. त्यांना ते सगळे फार उशिरा, माझ्याकडून कळले.

अर्ज यथावकाश दाखल झाला. मॅडमनी व्हिडिओ पाहिला होता. त्या म्हणाल्या, बघू. दौलतरावांचा दिनक्रम बदलला. संध्याकाळी फळीऐवजी ते आतल्या खोलीत जाऊ लागले. सिस्टरनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. कातडी लाल झालेली दिसली की तिथे अंगठा दाबून उचलायचा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरते आहे, कातडी जिवंत आहे. लालच राहिली, तर धोका. हे काम त्यांच्याकडेच आले. ते काशिनाथला कुशीवर वळवत, टाचेवर, ढुंगणावर, पाठीवर अंगठा दाबत आणि वाट बघत. "ऊठ," ते म्हणत.

"दाबलंस व्हय?" काशिनाथ विचारी. "सांगत जा, लेका. मला तिकडलं कायबी कळत न्हाई."

"दाबलं."

"मंग? उठलो का?"

"उठलास."

दीड पावसाळा असा गेला. शेवटी काशिनाथ जखमेने गेला नाही. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडात शिरला आणि पंधरवड्यात सगळे संपले. अंथरूण रीतीप्रमाणे नदीकाठी टाकले. त्यात ती गादीही गेली. दौलतराव तिथेच उभे होते. त्यांनी अडवले नाही.

राख सावडायला गेलो तेव्हा अस्थींमध्ये सळया आणि स्क्रू सापडले. काळे पडलेले, पण शाबूत. काशिनाथचा भाऊ ते हातात घेऊन गोंधळला. अस्थींबरोबर नदीत सोडायचे की बाजूला ठेवायचे, हे कुणालाच माहीत नव्हते, बामणालाही नव्हते. सगळ्यांनी दौलतरावांकडे पाहिले. त्यांनी एक स्क्रू घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला, डोळ्यांजवळ नेऊन आटे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग परत राखेत ठेवला.

"सोडा संगंच," ते म्हणाले. "हाडातलं हाय ते."

पेटंट कार्यालयाची सुनावणी त्यानंतर आली. ती हल्ली कॉम्प्युटरवरच होते. आमच्या कचेरीतले नेट बरे चालते म्हणून दौलतराव तिथे आले. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. त्यांनी माझी खुर्ची दाबली. "गेली ही," म्हणाले आणि बसले.

आक्षेप एकच होता, तो व्हिडिओ. अर्जाच्या आधीच वस्तू लोकांत वापरली गेली, आणि कृतीही सांगितली गेली. मॅडमनी आदल्या दिवशी त्यांना फोनवर सगळे समजावले होते. मी ऐकत होतो. कायद्यात एक सवलत आहे. अर्जाच्या आधी थोड्या काळात शोधकर्त्याने केवळ चाचणी म्हणून, आणि ती चाचणी चारचौघांत करण्यावाचून इलाज नव्हता म्हणून, वस्तू वापरून पाहिली असेल, तर तेवढ्याने नावीन्य जात नाही. "मामा, बाकीचं मी बोलते," मॅडम म्हणाल्या होत्या. "तुम्हाला विचारलं तर एवढंच सांगा, की काशिनाथ यांच्यावर तुम्ही गादीची चाचणी घेत होता. तेवढ्यावर आपल्याला भांडता येईल." दौलतराव "हां, हां" म्हणाले होते.

पडद्यावर एका चौकटीत अधिकारी, दुसरीत मॅडम, तिसरीत दौलतराव. अधिकारी सौम्य गृहस्थ होते. त्यांनी व्हिडिओ लावला. आमच्या कचेरीत काशिनाथचा आवाज भरला. मी काल रातभर झोपलो. रातभर! अधिकाऱ्यांनी व्हिडिओ शेवटाजवळ थांबवला. काशिनाथचा चेहरा, तोंड अर्धे उघडे, पडद्यावर मोठा दिसत राहिला.

"हे गृहस्थ कोण?"

"काश्या," दौलतराव म्हणाले. मग दुरुस्त केले, "काशिनाथ. घाणेवाले. वारले."

"या गृहस्थांना गादी चाचणीसाठी दिली होती, असं तुमचं म्हणणं आहे का?"

मॅडमनी त्यांच्या चौकटीत मान किंचित हलवली. दौलतराव पडद्याकडे बघत होते. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबलेला होता आणि नख पांढरे पडले होते.

"न्हाई साहेब," ते म्हणाले.

मॅडम काहीतरी बोलू लागल्या. अधिकाऱ्यांनी हाताने थांबवले. "मग कशासाठी दिली?"

"त्याची पाठ सोलली होती. झोप येत न्हवती. गादी होती. दिली."

"म्हणजे वापरण्यासाठीच दिली?"

"झोपण्यासाठी दिली, साहेब."

अधिकाऱ्यांनी मान खाली घालून लिहिले.

नंतर मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्यासारख्या वाटल्या. "मामा, एका शब्दाचं काम होतं."

"व्हय मॅडम. पाठ केला होता," दौलतराव म्हणाले. "पण समोर त्याचं तोंड होतं. तोंडावर कसं म्हनू, काश्या, मी तुला तपासायलो होतो म्हनून?"

अर्ज नामंजूर झाला. ती गादी आता कुणालाही करता येते. अजून कुणी केलेली नाही. करडीचे तेल महाग आहे, आणि अशा गादीवर झोपणाऱ्यांना बाजारात जाता येत नाही. कुणाच्या घरी कुणी पडून आहे असे कळले, तर दौलतराव एक करून देतात. गादी साडीत गुंडाळूनच नेतात. तेलावर काय प्रक्रिया करतात, असे मी मागच्या महिन्यात त्यांना पुन्हा विचारले. अर्जाबरोबर ती कृती सरकारी संकेतस्थळावर केव्हाच प्रसिद्ध झाली आहे. ज्याला हवी त्याने वाचावी. दौलतरावांनी डावा हात वर केला.

"बास, पत्रकार. नावीन्य जाईल."

घाणा बंद आहे. सुमनबाई पुढच्या खोलीत सुटे तेल विकतात, ते बाहेरून येते. बाभळीची फळी मात्र दारात तशीच आहे आणि दौलतराव संध्याकाळी तिथे येतात. मी कचेरीतून परतताना त्याच रस्त्याने जातो. ते फळीसमोर उभे राहतात. वाकून तिच्यावर अंगठा दाबतात, उचलतात. मग फळीकडे बघत नाहीत. आतल्या बंद घाण्याकडे मान वळवून थोडा वेळ तसेच उभे असतात.

मग बसतात.